जानेवारी, पानिपत आणि "पुरावा द्या"

जानेवारी लागला की फेसबुकवर पानिपत सुरू होतं. १४ तारखेच्या आठवडाभर आधीपासून ठरलेल्या तीन गोष्टी फिरायला लागतात. एक, मोती गळाल्याचं आणि मोहरा हरवल्याचं ते सांकेतिक पत्र. दोन, मल्हारराव होळकरांच्या तोंडी घातलेलं, पेशवे उद्या आपल्याला धोतरं बडवायला लावतील हे बोलणं. तीन, भाऊ तिकडे अन्नाला महाग झालेले असताना नानासाहेब पेशव्यांनी पैठणला केलेलं लग्न. पहिल्या पोस्टखाली सगळे हळहळतात. दुसऱ्या-तिसऱ्याखाली जातीवरून जुंपते. कुणीतरी विचारतं, "पुरावा द्या." उत्तर येतं, "बखरीत आहे, वाचा जरा." झालं. पुढच्या शंभर कमेंट्समध्ये इतिहास नावालाही नसतो.

भांडणारे भांडोत. पण इतिहासात बीए-एमए करणारी आपली मुलं-मुलीही अशीच भांडतात, याचं मला जास्त वाटतं. "प्राथमिक साधने म्हणजे काय? टीप लिहा" या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळवलेला विद्यार्थी प्रत्यक्ष कागद समोर आला की बावरतो, कारण त्याने कागद कधी पाहिलेलाच नसतो. साधनांची व्याख्या पाठ, साधनांशी गाठ नाही. म्हणून वरच्या तीन गोष्टी हातात घेऊन कागद कसा वाचायचा ते लिहितो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधी कागदच बघू.

अठराव्या शतकातलं मराठी पत्र मोडीत असतं. मोडीची मुळाक्षरं महिन्या-दोन महिन्यांत येतात, घाबरायचं कारण नाही. खरा घाम पुढे निघतो. लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारून घेतो आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं तिच्याखाली लटकवत जातो. दोन शब्दांत जागा नाही. स्वल्पविराम, पूर्णविराम नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ नाही, त्यामुळे "दिन" आणि "दीन" दिसायला एकच. शब्द तोडायचं काम वाचणाऱ्याचं. समजा कागदात "तोरणावरगेला" असं सलग आहे (उदाहरण माझं, समजण्यापुरतं). "तो रणावर गेला" की "तोरणावर गेला"? एका वाचनात माणूस लढाईला गेला, दुसऱ्यात किल्ल्यावर. ठरवायचं कसं? मागचा-पुढचा मजकूर, त्या माणसाची इतर पत्रं, त्या महिन्यात तो कुठे होता याची माहिती, हे सगळं जुळवून. म्हणजे नुसतं "वाचणं" म्हणतो त्यातही निम्मा अर्थ आपण लावलेला असतो. छापील बालबोध पुस्तकात हा निर्णय संपादकाने आपल्यासाठी आधीच घेतलेला असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

मग पत्राचा मायना. विद्यार्थी हा भाग हमखास गाळतात, "औपचारिक आहे" म्हणून. अहो, तिथेच तर नातं लिहिलेलं असतं. अखंडित लक्ष्मी अलंकृत, राजमान्य राजश्री, गोसावी यासी, सेवेसी, ही नुसती सजावट नाही. नमस्कार लिहिलाय की आशीर्वाद की दंडवत, शेवटी विनंती आहे की "जाणिजे", यावरून लिहिणारा वर आहे, खाली आहे की बरोबरीचा आहे, ते कळतं. आज ज्यांना आपण "मित्र" किंवा "शत्रू" म्हणून रंगवतो, त्यांची एकमेकांना लिहायची रीत पाहिली की बरेच रंग उतरतात. शेवटी मोर्तब किंवा लेखनसीमेचा शिक्का असतो, तो मजकूर इथे संपला हे सांगायला. त्याच्या पुढे कुणी काही घुसडलं तर ते कळावं. लांब कागद चिकटवून केलेला असेल तर जोडावरही शिक्का मारत. मधला तुकडा बदलला तर शिक्का जुळणार नाही. बनावट कागद व्हॉट्सअपने जन्माला घातले असं समजू नका. वतनाच्या भांडणांत ते भरपूर झालेले आहेत, म्हणून तर ही काळजी.

आता तारीख. इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण गंमतही इथेच आहे आणि घोटाळाही.

पत्रावर बऱ्याचदा "छ" असतो, म्हणजे चंद्र, चांद्र तिथी. पुढे मुसलमानी महिना: मोहरम, सफर, रबिलावल वगैरे. आणि "सु॥" म्हणजे सुहूर सन. हा सन आकड्यांत नसून अरबी शब्दांत असतो, आणि एकम आधी, हजार शेवटी. "इहिदे सितैन मया व अलफ". इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. यात ५९९ मिळवले की इसवी सन १७६०. पण सुहूर सन सुरू होतो मृगाला, शेतीच्या हंगामाबरोबर. त्यामुळे इंग्रजी वर्ष त्याच्या मध्येच बदलतं. जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ५९९ नव्हे, ६०० मिळवायचे. म्हणून पानिपतची लढाई, १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी शके १६८२, याच ११६१ सालात येते.

आता एखाद्याने जानेवारीतल्या पत्रालाही ५९९ च मिळवले असं धरा. पत्र जानेवारी १७६० मध्ये जाऊन बसतं. एक वर्षाचा तर फरक, असं वाटेल. पण जानेवारी १७६० मध्येही अब्दाली तिथेच होता, आणि १० तारखेला बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले होते. शत्रू तोच, यमुनाही तीच, आणि मराठ्यांवर संकट तसंच. पत्रात "अब्दाली जवळ आहे, कुमक पाठवा" असं काही असेल तर ते दोन्हीकडे चपखल बसेल आणि चूक वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येणार नाही. जंत्री उघडून तारीख स्वतः जुळवायची सवय म्हणूनच पहिल्या दिवसापासून लावायची. कंटाळवाणं काम आहे. इलाज नाही.

आणखी एक बारकी खूण असते, "पौ". पैवस्ती. म्हणजे पत्र पोहोचल्याची नोंद, ज्याला पत्र मिळालं त्याच्याकडे केलेली. लिहिल्याची तारीख आणि मिळाल्याची तारीख या दोन वेगळ्या. मला विचाराल तर पानिपतच्या अभ्यासात या दोन अक्षरांइतकं मोलाचं फार थोडं आहे. पुढे येतोच त्यावर.

आता पानिपतची साधनं. सगळी "जुनी" आहेत म्हणून सारखीच खरी, असं नसतं. वाईतल्या एका घरातून मिळालेली पानिपतच्या काळातली पत्रं वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली छापली, तो "मराठ्यांच्या इतिहासाची साधने"चा पहिला खंड. ही पत्रं लिहिताना लढाईचा निकाल कुणालाच माहीत नव्हता. त्यामुळे ती वाचताना आपल्याला पुढचं माहीत आहे हे विसरायला लागतं, आणि ते फार अवघड असतं.

मग काशीराज. शुजाउद्दौल्याच्या पदरचा माणूस. लढाईच्या वेळी तिथे हजर होता आणि भाऊसाहेबांकडून निरोप त्याच्यामार्फत जात-येत होते. त्याची हकीकत फारसीत आहे आणि ती त्याने लिहिली १७८० मध्ये. प्रत्यक्षदर्शी खरा, पण एकोणीस वर्षांनंतरचा. शिवाय तो होता समोरच्या छावणीत. लढाईच्या आदल्या रात्री मराठ्यांच्या गोटात कोण काय म्हणालं हे तो सांगतो तेव्हा ते ऐकीव असतं. शुजाच्या तंबूतलं सांगतो तेव्हा वजन वेगळं. एकाच पुस्तकातल्या दोन पानांचं वजन वेगवेगळं असू शकतं, हे विद्यार्थ्याच्या पचनी पडायला वेळ लागतो. "काशीराज विश्वसनीय आहे की नाही, एका शब्दात सांगा" असा प्रश्नच होत नाही.

नाना फडणवीस त्या रणातून जीव वाचवून आले, तेव्हा विशीही गाठली नव्हती. त्यांचं छोटंसं आत्मचरित्र आहे. आई तिथे गमावलेल्या मुलाची ती आठवण आहे. सैन्य किती, तोफा किती, यासाठी मी ते उघडणार नाही. पळताना माणसाचं काय होतं, यासाठी मात्र त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही.

बखरी या सगळ्यांपेक्षा वेगळ्या. बखरकार निकाल माहीत असलेल्या लोकांना गोष्ट सांगतोय. त्याला पात्रं लागतात, संवाद लागतात, आणि कुणाचं तरी चुकलं म्हणून हे झालं असा शेवट लागतो.

आता त्या तीन गोष्टींकडे वळू.

धोतरांचं बोलणं. हे येतं भाऊसाहेबांच्या बखरीत. नजीबखान रोहिल्याला संपवू नका, उत्तरेत शत्रू उरला नाही तर पेशव्यांना आपली गरज उरणार नाही, अशा अर्थाचा मल्हाररावांचा शिंद्यांना सल्ला. इथे विद्यार्थ्याने एकच साधा प्रश्न विचारायचा: हे बोलणं झालं तेव्हा तिथे कोण होतं आणि त्याने ते कधी लिहून ठेवलं? दोन सरदारांची खाजगी मसलत बखरकाराच्या कानापर्यंत शब्दन् शब्द कशी आली? म्हणजे मल्हारराव असं म्हणालेच नाहीत का? तेही सिद्ध होत नाही. मल्हाररावांचं नजीबाशी मऊ वागणं बखरीबाहेरच्या पुराव्यांवरूनही तपासता येतं, ते जरूर तपासा. पण अवतरणचिन्हांत टाकून ते वाक्य त्यांच्या नावावर खपवणं बंद करा. बरं, म्हणून बखर टाकाऊ झाली का? मुळीच नाही. पानिपतनंतरच्या पिढीने दोष कुणाकुणाला वाटून दिला, पेशवे आणि सरदार यांच्यातला संशय लोकांच्या बोलण्यात कसा होता, या प्रश्नांसाठी बखर अव्वल दर्जाचं साधन आहे. १७५७-५८ साली काय बोलणं झालं, या प्रश्नासाठी नाही. कागद तोच असतो, प्रश्न बदलला की त्याची लायकी बदलते.

मोत्यांचं पत्र. नानासाहेब उत्तरेकडे निघालेले असताना वाटेत एका सावकारी निरोप्याकडचं पत्र त्यांच्या हाती पडलं आणि त्यातून पराभव कळला, अशी ती हकीकत. आपल्यापैकी बहुतेकांपर्यंत ती पोहोचली ग्रँट डफच्या इतिहासातून. ते पुस्तक १८२६ चं, म्हणजे लढाईनंतर पासष्ट वर्षांनी, आणि इंग्रजीत. आता एक काम करा. डफचं इंग्रजी वाक्य आणि तुमच्या मोबाईलवर आलेलं मराठी वाक्य शेजारी शेजारी ठेवा. डफकडे मोती आहेत, मोहरा आहेत, चांदी-तांबं आहे. मराठी फॉरवर्डमध्ये सुरुवातीलाच लाखभर बांगड्या फुटतात. त्या डफकडे नाहीत! अंगावर काटा आणणारा भाग नेमका तोच आहे, आणि तो मागाहून कुणाच्या तरी जिभेवर चढलेला. घराघरांतून कुणी ना कुणी गेलेल्या समाजाला बांगड्यांशिवाय ती गोष्ट पुरी वाटली नसावी, असं मला वाटतं. त्या दृष्टीने बांगड्याही पुरावाच आहेत. फक्त जानेवारी १७६१ च्या निरोप्याचा नव्हे.

आणि पैठणचं लग्न. लग्न झालं ते खरं, डिसेंबर १७६० च्या अखेरीस. "भाऊ उपाशी मरत होते आणि हे बोहल्यावर!" हे म्हणायला फार सोपं आहे. इथे ते "पौ" आठवा. खरा प्रश्न असा: त्या दिवशी नानासाहेबांच्या हातात उत्तरेचं शेवटचं पत्र कोणत्या तारखेचं होतं? १७ ऑक्टोबरला भाऊंनी कुंजपुरा घेतला, तिथे धान्य आणि पैसा मिळाला. त्या महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून मराठे आणि दिल्ली यांच्या मधे आला. म्हणजे दक्षिणेकडे जाणारी वाटच त्याच्या टाचेखाली. आधी निघालेलं पत्र कुंजपुऱ्याच्या आनंदाचं, नंतरचं उपासमारीचं. यातलं कुठलं कधी पोहोचलं? हे ठरवल्याशिवाय त्या लग्नाला बेफिकिरी म्हणायचं की अज्ञान, हे ठरत नाही. मी नानासाहेबांचं वकीलपत्र घेतलेलं नाही. उत्तरेच्या मोहिमेला पैसा आणि कुमक पुरवण्यात त्यांची ढिलाई झाली असंच माझं मत आहे. पण ते मत लग्नाच्या तारखेवरून होत नाही, त्यासाठी पत्रांची आवक-जावक लावत बसावं लागतं.

ती आवक-जावक लावायला बसलं की पहिल्यांदा निराशा होते. भाऊसाहेबांची गोविंदपंत बुंदेल्यांना गेलेली पत्रं घ्या. तुम्ही शौर्य शोधत असता आणि समोर येतो तगादा. पैसे पाठवा. धान्य पाठवा. नावांची सोय करा. अब्दालीची रसद मारा. पुन्हा पैसे. विद्यार्थी म्हणतो, यात काहीच नाही हो. यातच सगळं आहे! पाण्याने फुगलेली यमुना, उतरायला नावा नाहीत, वसुली येत नाही, सैन्य रोज खातंय. दिल्लीत दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवलं ते याच ओढाताणीतून. ज्या उत्तरासाठी आपण सरदारांच्या भांडणात खोदत असतो, त्याचा मोठा भाग या रटाळ पत्रांत पडलेला असतो.

अर्थात इथेही सावध राहायचं. तगादा करणाऱ्याचं पत्र हा तगाद्याचा पुरावा, समोरचा कामचुकार असल्याचा नव्हे. गोविंदपंतांना "पैसे दडपणारा" ठरवून टाकण्याआधी दोआबात तेव्हा वसुली होण्यासारखी परिस्थिती होती का, ते बघायला हवं. शिवाय तो म्हातारा माणूस अब्दालीची रसद तोडायच्या कामावर असतानाच डिसेंबर १७६० मध्ये मारला गेला, हेही हिशेबात धरायला हवं. मागणाऱ्याचा कागद असेल तर देणाऱ्याचा शोधायचा. नसेल तर निकाल राखून ठेवायचा. पोस्टींच्या दुनियेत हे कुणाला जमत नाही, कारण राखून ठेवलेल्या निकालाला लाइक मिळत नाहीत.

कागद उरतात कुठले, हाही एक प्रश्न असतो. पेशवे दफ्तर आज पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे, हजारो रुमालांत बांधलेलं. त्यात हिशेब, जमीन, इनामं, वतनं यांचे कागद ढिगाने आहेत. कारण उघड आहे. कागदावर जमीन टिकत होती, म्हणून लोकांनी कागद टिकवले. १८५२ नंतर इनाम कमिशनने तर कागद दाखवा नाहीतर इनाम विसरा, असाच खाक्या ठेवला. ज्याच्याकडे जमीन नव्हती त्याचा कागद कशाला टिकेल? पानिपतला गेलेल्या बाजारबुणग्यांची, बायकांची, भिश्ती-मोतद्दारांची पत्रं आपल्याकडे नाहीत. ती माणसं आपल्याला भेटतात ती दुसऱ्याच्या हिशेबात.

वर छापलेल्या खंडांतही निवड आहेच. राजवाड्यांसारख्यांना पेशवे दफ्तराची दारं बंद होती, त्यांनी घरोघर फिरून, लोकांच्या माळ्यांवरून कागद गोळा केले. पुढे सरकारी दफ्तर उघडलं आणि गो. स. सरदेसायांनी त्यातून पंचेचाळीस खंड काढले. अवाढव्य काम आहे, दोघांपुढेही हात जोडावेत. पण सरदेसायांच्या खंडांचं नावच मुळी "निवडलेले कागद" असं आहे. एका माणसाला जे महत्त्वाचं वाटलं ते छापलं गेलं, राजकारण आणि लढाया जास्त. न छापलेले रुमाल अजून तिथेच आहेत. आणि मराठीच्या विद्यार्थ्याला ते वाचता येत नाहीत, हे आपल्या विद्यापीठांचं मोठं अपयश आहे. इतिहासात एमए देताना मोडीचा एक पेपर सक्तीचा करायला काय जातं? फारसी तर सोडाच.

पुस्तकांत बसून जे कळत नाही त्यासाठी बाहेरही जावं लागतं. त्र्यं. शं. शेजवलकरांचं पानिपतवरचं पुस्तक इंग्रजीत १९४६ ला आलं, मराठीत १९६१ ला. त्यांनी कागदांबरोबर ती जमीनही जाऊन पाहिली होती. नदी कुठून वाहत होती, मोर्चा कुणीकडे तोंड करून होता, हे पत्रात लिहीत नाहीत, कारण लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही ते माहीत असतं.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी राजवाड्यांच्या पहिल्या खंडातलं एक पत्र घ्या. एकच. कुणी, कुणाला, कुठून, कधी, ते कधी पोहोचलं, काय मागितलं आणि काय लिहायचं टाळलं, हे वहीत उतरवा. तारीख जंत्रीवरून स्वतः काढा, छापलेली झाकून ठेवा. पुण्यात असाल तर भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग चालतात, चौकशी करा. तंजावरलाही मोडी कागदांचा मोठा साठा आहे, तमिळनाडूतल्या मराठी मंडळींपैकी कुणी तिकडे लक्ष घातलं तर फार बरं होईल.

आणि एक कळकळीची विनंती. घरात माळ्यावर, पेटीत, देवघराच्या फळीवर जुन्या कागदांचा रुमाल असेल तर तो रद्दीत किंवा नदीत जाऊ देऊ नका. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, घडीवर तुटत असेल तर ओढून सरळ करू नका. कोरड्या जागी ठेवा, दिवसाच्या उजेडात फ्लॅश न मारता दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागची बाजू विसरू नका, पोहोचल्याची नोंद कधी कधी तिथेच असते.